कर्णबधिर मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि वर्गाभोवतीच्या गप्पा

नावे_जमा

नाशिकमधून कर्णबधिर मुलामुलींसाठी मी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचा ऑनलाइन वर्ग घेते. बारावी झालेली, काही पदवीला असलेली मुलं. थोडी शहरातली, बाकी निफाड, कळवण, मालेगाव, सुरगाणा, इगतपुरी अशी जिल्हाभर पसरलेली. मी स्वतः ऐकू येणारी, सांकेतिक भाषा मोठेपणी शिकले. वर्ग झूमवर होतो आणि त्याच्याभोवती व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब असं सगळं आहे. मला त्या भोवतीच्या गोष्टींबद्दल लिहायचं आहे.

कर्णबधिरांचं ऑनलाइन शिक्षण म्हटलं की बोलणं व्याख्यानापाशी सुरू होतं आणि तिथेच थांबतं. दुभाषी आहे का, कॅप्शन आहेत का, व्हिडिओच्या कोपऱ्यात खुणा करणारी व्यक्ती आहे का. हे सगळं हवंच. त्या बाजूने कामही झालं आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्दांपर्यंत गेला. पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्यासाठी त्यांनी २०२० मध्ये एनसीईआरटीशी, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेशी, करार केला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची टीव्ही वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू आहे.

पण व्याख्यान कितीही चांगलं केलं तरी वर्ग टिकतो तो मुलं आपसात बोलतात म्हणून. आणि ते बोलणं त्यांच्या भाषेत, म्हणजे व्हिडिओत झालं तरच होतं. हे मला इतकं पटलं आहे की आता तयारीचा निम्मा वेळ मी ग्रुपला देते.

ऐकू येणारं मूल जे शिकतं, त्यातलं कितीतरी त्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. मागच्या बाकावरची कुजबुज, स्टँडवर बस येईपर्यंतच्या गप्पा, घरात गॅसच्या आणि हप्त्याच्या पैशांवरून चाललेलं बोलणं. उधारी म्हणजे काय, व्याज का चढतं, बिल नसेल तर दुकानदार माल परत का घेत नाही, हे किराणा दुकानात नुसतं उभं राहिलं तरी कानावर पडतं. कर्णबधिर मुलाच्या घरात बहुतेक वेळा बाकी सगळे ऐकणारे. अमेरिकेतल्या पाहण्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे निघाले आहेत. जेवताना सगळे हसले आणि मुलाने ‘काय झालं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर कधी येत नाही. मग माझ्याकडे येणारी मुलगी हुशार असते, टक्केवारी तोंडपाठ असते, पण ‘उधारीवर माल घेतला’ या वाक्यामागचा व्यवहार तिच्यापर्यंत कधी कोणी पोचवलेलाच नसतो.

ही भरपाई व्याख्यानात होत नाही, गप्पांत होते. आणि शाळा संपून मुलं गावी परतली की खुणांत गप्पा मारायला माणूस उरत नाही. मोबाइल हाच मग त्यांचा पार.

बहुतेक कोर्सचे ग्रुप लिखित सूचनांचे असतात. ‘उद्या वर्ग ११ वाजता.’ ‘पाठ ४ ची पीडीएफ जोडली आहे.’ खाली अंगठ्यांची रांग. शिक्षकाला वाटतं सगळ्यांना समजलं. अंगठ्याचा अर्थ ‘मेसेज बघितला’ एवढाच. आमच्या ग्रुपवर कळवणच्या एका मुलीने उधारीच्या खरेदीची नोंद कळली नाही म्हणून खुणांत व्हिडिओ करून टाकला, आणि त्या रात्री उशिरापर्यंत उत्तरांचे व्हिडिओ येत राहिले. एरवी कधीच काही न लिहिणाऱ्या मुलांचेही.

त्यातलं एका मुलाचं उत्तर सांगते, कारण त्यात सगळं आलं. सांकेतिक भाषेत ‘देणे’ ही खूण एका जागी होत नाही. देणाऱ्याच्या बाजूने हात निघतो आणि घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन थांबतो. या मुलाने हवेत डावीकडे घाऊक व्यापारी ठेवला, उजवीकडे आपलं दुकान. माल डावीकडून उजवीकडे आणला, पैसे मात्र जागचे हलवलेच नाहीत. मग डावीकडे बोट: हा देणारा, याचं खातं जमा (क्रेडिट). उजवीकडे बोट: माल आला, खरेदी खातं नावे (डेबिट). ‘घेणाऱ्याचं नावे, देणाऱ्याचं जमा’ हे पुस्तकात घोकायचं असतं, खुणांत ते डोळ्यांना दिसतं. तो व्हिडिओ एका मिनिटाच्या आतला आहे आणि मी तो दर नव्या तुकडीला दाखवते, त्याची परवानगी घेऊन.

आमच्याकडे आता असं चालतं: बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, पण तिथे व्हिडिओ वाहून जातात. म्हणून कामाचे व्हिडिओ फेसबुकच्या खासगी ग्रुपमध्ये विषयवार लावून ठेवतो. मोठे धडे यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवते, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतात. व्हॉइस मेसेज पूर्ण बंद. पाहुणे शिक्षक आले तरी त्यांनाही बंद.

इथे कोणी असे वर्ग घेत असेल, घेतले असतील किंवा शिकले असतील, तर अनुभव लिहा. मला दोन गोष्टींची चिंता आहे: सगळं व्हिडिओत गेलं तर लेखन मागे पडेल का, आणि व्हिडिओत दिसणारे मुलींचे चेहरे.

---

देवळालीकर

चांगला विषय, याबद्दल काहीच माहीत नव्हतं. एक शंका. मुलं बारावी झालेली आहेत म्हणजे मराठी वाचता-लिहिता येतंच. ऐकू येत नसेल तर लिहिणं हाच सोपा मार्ग ना? ग्रुपवर टाइप करायला अडचण कसली?

---

नावे_जमा

@देवळालीकर, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून नीट लिहिते.

आपण मराठी आधी ऐकली, मग बोललो, त्यानंतर लिहायला शिकलो. ‘ने’, ‘ला’, ‘चा’ कुठे लावायचं हे कोणी शिकवण्याआधीच कानात बसलं होतं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला हे सगळं फळ्यावरून शिकावं लागतं. त्याची सहज भाषा सांकेतिक, आणि तिचं व्याकरण वेगळं. तिथे विभक्तीचे प्रत्यय नाहीत, प्रश्नाचा शब्द बहुधा शेवटी येतो, आणि प्रश्न आहे की विधान हे भुवया आणि चेहरा सांगतो. म्हणून ‘मी बँक गेला पैसे भरला’ असं वाक्य येतं. अर्थ अगदी बरोबर, पण वाचणारा ऐकणारा माणूस त्यावरून मुलाची अक्कल मोजतो. हे मुलांनी शाळेपासून सोसलेलं असतं. चारजणांत लिहायचं म्हटलं की ती गप्प होतात.

तोच मुलगा खुणांत बोलायला लागला की ओळखू येत नाही, इतका मोकळा होतो.

---

काजवा

मी जन्मापासून बधिर आहे. माझे आजोबा मला रोज वर्तमानपत्र वाचायला बसवायचे. म्हणून मी मराठी लिहिते. माझ्या वर्गातल्या सगळ्यांना असे आजोबा मिळाले नाहीत.

मी ऐकणाऱ्या मुलांबरोबर एक ऑनलाइन कोर्स केला. कोणता ते लिहीत नाही. ग्रुपमध्ये बधिर मी एकटी. पहिल्या आठवड्यात सगळे लिहायचे. ओळख वाढली तसे व्हॉइस मेसेज सुरू झाले. प्रवासात आहे, टाइप करायला वेळ नाही, असं म्हणून. नंतर तर उत्तरं, तारखा, विनोद, सगळं आवाजातच. मी दोनदा विनंती केली. दोन दिवस लिहिलं आणि पुन्हा तेच. कोणी वाईट नव्हतं. त्यांना मी आठवायचेच नाही.

ग्रुप असतो, पण आपल्यासाठी नसतो, ही गोष्ट फार टोचते. वर्गात एकटं असणं सवयीचं आहे. ग्रुपमध्ये ६० जणांचे मेसेज समोर सरकत असतात आणि त्यातलं एकही आपल्याला कळत नाही, ते जास्त एकटं आहे.

म्हणून ताईंचा नियम मला योग्य वाटतो. व्हॉइस मेसेज बंद म्हणजे बंद. सवलत दिली की नियम मरतो.

अजून एक मुद्दा. तुम्ही ऐकता ऐकता वहीत लिहू शकता. मी खुणा बघताना वहीकडे बघितलं की एक वाक्य गेलं. पडद्यावर टॅली आणि बाजूला दुभाषी असेल तर मी कुठे बघू? माउस कुठे गेला ते बघितलं तर खुणा सुटतात. खुणा बघितल्या तर माउस सुटतो. थेट वर्गात हे रोज होतं. ग्रुपवरचा व्हिडिओ मी थांबवू शकते, मागे नेऊ शकते, हळू करू शकते. थेट वर्गापेक्षा मी तिथे जास्त शिकले.

आणि एक विनंती. एक ग्रुप असा ठेवा जिथे शिक्षक नाहीत. ताई तुम्ही चांगल्या आहात, पण तुमच्यासमोर आम्ही सगळं बोलणार नाही.

---

देवळालीकर

@नावे_जमा, @काजवा, दोघींनी इतकं समजावून लिहिलंत, आभारी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आमच्याकडे एक कर्णबधिर सभासद आहेत आणि तिथे दिवसभर व्हॉइस मेसेज चालतात. आजच सांगतो.

---

निळी_शाई

मी विशेष शाळेत आयुष्यभर शिकवलं, आता निवृत्त आहे. ताईंच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण माझा विरोधही नोंदवते.

मुलांना नोकरी कुठे करायची आहे? सातपूर-अंबडच्या कंपनीत, सीएच्या कार्यालयात, दुकानात. तिथे कोणी खुणा जाणत नाही. तिथे ईमेल लिहावा लागतो, ‘माल कमी आला, डेबिट नोट (तेवढे पैसे कमी करायचा कागद) पाठवत आहोत’ असं वाक्य नीट लिहावं लागतं. ग्रुप ही लेखनाच्या सरावाची रोजची आयती जागा आहे. तीही व्हिडिओला देऊन टाकली तर मुलं लिहिणार कधी? खुणा ती आपसात करतीलच, त्यासाठी कोर्स कशाला? आम्ही एकेका मुलाकडून ‘ला’ आणि ‘ने’ घोटवून घेण्यात वर्षं घालवली आहेत. ते वाया जाताना बघवत नाही.

---

नावे_जमा

@निळी_शाई बाई, माझ्या दोन चिंतांपैकी पहिली तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत.

लेखन हवं, यावर आपण एकच आहोत. प्रश्न क्रमाचा आहे. जी गोष्ट मुलाला आपल्या भाषेत समजलेली नाही, तिच्यावर तो मराठीत काय लिहिणार? तो पुस्तकातली ओळ उतरवतो. उतरवलेली ओळ शुद्ध असते, म्हणून आपण फसतो.

आमच्याकडे व्हिडिओखाली मराठीत एक-दोन ओळी लिहायच्या असतात. कशाही असोत. मी ग्रुपमध्ये कोणाची चूक दाखवत नाही. तोच मजकूर नीट वाक्यात परत लिहून माझ्या उत्तरात घालते. ‘माल कमी आला पैसे कमी दे कागद पाठव’ असं आलं की मी उत्तरात लिहिते, ‘माल कमी आला असेल तर पुरवठादाराला डेबिट नोट पाठवायची.’ मुलं ते बघतात, पुढच्या वेळी उचलतात. हिशेबातली लिखित वाक्यं मोजकीच असतात, पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे हे जमतं. कथा-निबंधासाठी एवढ्याने भागणार नाही, हे मान्य.

---

काजवा

@निळी_शाई बाई, तुमच्यासारख्या बाईंनी मला शिकवलं, नमस्कार. पण शाळेत आमचे हात खाली ठेवायला लावायचे. ओठ बघ, बोल. १८८० मध्ये इटलीत मिलान शहरात शिक्षकांची परिषद झाली. तिथे ठराव झाला की बधिर मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. तो परिणाम जगभर शंभर वर्षांहून जास्त टिकला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोपर्यंत माझी शाळा झाली होती.

‘खुणा ती आपसात करतीलच’ असं तुम्ही लिहिलं. आपसात म्हणजे मधल्या सुट्टीत. अभ्यासात खुणा आल्या की मग अभ्यास आमचा होतो.

---

निळी_शाई

काजवा बाळा, हात खाली ठेवायला मीही लावलं आहे. त्या काळी आम्हाला प्रशिक्षणच तसं मिळालं होतं. तुझं लिहिणं वाचून डोळे भरून आले.

ताई, व्हिडिओखाली दोन ओळींची पद्धत मला पटली. ती सक्तीची ठेवा, एवढा आग्रह मात्र सोडणार नाही. मुलांच्या वाक्यांना पर्यायी वाक्यं लिहायला मी मदत करू शकते, वेळ भरपूर आहे.

---

बिटरेट

तांत्रिक बाजू लिहितो, व्हिडिओ यंत्रणेत काम करतो म्हणून.

झूममध्ये जो आवाज करतो त्याचं चित्र मोठं होतं. खुणा करणारा आवाज करत नाही, म्हणून तो कायम छोट्या चौकटीत राहतो आणि कोणाच्या घरात कुकरची शिटी झाली की त्या घराचं चित्र मोठं! उपाय: सगळ्यांचे माइक होस्टने (वर्ग चालवणाऱ्याने) बंद ठेवायचे आणि खुणा करणाऱ्याला ‘स्पॉटलाइट’ करायचं, म्हणजे त्याचं चित्र सगळ्यांकडे मोठं राहतं. विद्यार्थी स्वतःही ‘पिन’ करू शकतो, म्हणजे फक्त आपल्या पडद्यावर चित्र मोठं ठेवू शकतो; होस्टने परवानगी दिली तर एकाहून जास्त जणांनाही. शिक्षक आणि दुभाषी दोघांना पिन करून ठेवायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा.

दुसरं, लोक रिझोल्यूशनच्या मागे लागतात. खुणांसाठी चित्र किती बारीक यापेक्षा ते किती सलग आहे हे महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९९ मध्येच सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओ संभाषणासाठी मार्गदर्शक मजकूर काढला होता, त्यात सेकंदाला २५ ते ३० चित्रांची अपेक्षा आहे. रेंज कमी झाली की अ‍ॅप चित्रं गाळतं आणि हात धूसर होतात. बोटांनी अक्षरं दाखवताना तर काहीच लागत नाही. म्हणून थेट वर्गात गट लहान ठेवा.

रेकॉर्ड करून पाठवताना: उजेड समोरून, मागे खिडकी नको. मागची भिंत साधी, सदरा त्वचेच्या रंगापेक्षा वेगळा आणि बिनचौकडीचा. फोन टेकवून ठेवायचा, कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत दिसलं पाहिजे. फोन एका हातात धरला की खुणा एका हाताच्या होतात, आणि आपल्याकडची बोटांची अक्षरं तर बहुतेक दोन हातांची. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. एचडी पर्याय निवडा, किंवा फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग आहे तशी जाते.

कॅप्शनबद्दल: गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ मराठी ओळखतं, समोरासमोर बोलताना कामाला येतं. पण मराठी वाक्यात ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आलं की ते काहीही लिहितं. हिशेबाच्या वर्गात त्यावर विसंबू नका.

---

पूर्वीचा_नाशिककर

मी अमेरिकेत रॉचेस्टरला राहतो. इथल्या आरआयटी विद्यापीठात एनटीआयडी ही बधिरांसाठीची तंत्रशिक्षण संस्था आहे, १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेली. बधिर आणि ऐकणारे विद्यार्थी एकाच आवारात, बऱ्याचदा एकाच वर्गात शिकतात. इथल्या अध्यापकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: वर्गातल्या शिकवण्याला ऑनलाइन लिखित चर्चेची जोड दिली तर काय होतं. वर्गमित्रांशी आणि शिक्षकांशी बोलणं वाढल्याचं आणि सुधारल्याचं बधिर विद्यार्थ्यांनी सांगितलं. कारण सरळ आहे, लिखित चर्चेत दुभाष्याची वाट बघावी लागत नाही, आपली पाळी हुकत नाही.

म्हणजे इथे लेखनाचाच फायदा दिसला. तुमचं म्हणणं उलट वाटतंय?

---

नावे_जमा

@पूर्वीचा_नाशिककर, उलट नाही. ती मुलं इंग्रजीत विद्यापीठाच्या पातळीवर लिहू-वाचू शकणारी, आणि ऐकणाऱ्यांच्या वर्गात बसलेली. तिथे दोघांना सामाईक भाषा लिखितच. काजवाच्या कोर्ससारखा मिश्र ग्रुप असेल तर मीही लिखितचाच आग्रह धरेन. माझ्या वर्गात सगळी कर्णबधिर आहेत, त्यांची सामाईक भाषा हातात आहे. साधन तेच, पण वर्गात कोण आहे त्यावर ते वापरायची रीत बदलते. आपल्याकडे एखाद्या ठिकाणची चांगली पद्धत जशीच्या तशी उचलतात आणि नंतर ‘मुलं प्रतिसाद देत नाहीत’ म्हणतात, म्हणून हे ठळकपणे लिहिलं.

@बिटरेट, फार कामाचं लिहिलंत. फोन टेकवायची गोष्ट मुलांना आजच पाठवते, अर्थात व्हिडिओ करून.

---

सिन्नरची_आई

माझी मुलगी अशाच एका ऑनलाइन वर्गात आहे (या ताईंच्या नाही). मी आई म्हणून लिहिते. ऐकणाऱ्या मुलीला शंका आली तर ती टाइप करते, चेहरा दिसत नाही. माझ्या मुलीने शंका विचारायची तर चेहरा, घर, अंगावरचे कपडे, सगळं जातं. साधा प्रश्न विचारायलाही तिला दिसावंच लागतं. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा व्हिडिओ कोणीतरी बाहेर पाठवला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला, मुलीच्या चेहऱ्यावरचे हावभाव बघून लोक हसले. त्यांना काय माहीत की हावभाव हेच तिचं व्याकरण आहे. वडिलांनी त्या मुलीचा फोनच काढून घेतला. कोर्स सुटला.

मी माझ्या मुलीला अडवत नाही. पण फोन नंबर ५० मुलांना दिसतो, रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल येतात. यावर काही करा. नाहीतर मुलींचे पालक कोर्सला पाठवणार नाहीत, आणि दोष पालकांना देतील.

---

काजवा

काकू, बरोबर आहे. माझ्या मैत्रिणी चुन्नी चेहऱ्यावर घेऊन व्हिडिओ करायच्या. तोंड आणि भुवया झाकल्या की अर्थ अर्धा जातो. हो की नाही तेच कळत नाही.

---

नावे_जमा

@सिन्नरची_आई, ताई, माझी दुसरी चिंता हीच होती. स्क्रीन रेकॉर्डिंग कोणी करायचं ठरवलं तर कोणतंही अ‍ॅप ते पूर्ण थांबवू शकत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. तरी जे करता येतं ते करायला हवं.

फोन नंबरसाठी टेलिग्रामचा पर्याय आहे. तिथे नंबर कोणालाही दिसणार नाही अशी सेटिंग करता येते आणि कॉल फक्त ओळखीच्यांनाच करता येईल असंही ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींना व्हॉट्सअ‍ॅपची सवय असली तरी या एका कारणासाठी मी गप्पा टेलिग्रामवर हलवायच्या विचारात आहे. फेसबुकचा ग्रुप ‘खासगी’ आणि शोधात न दिसणारा, दोन्ही ठेवावा लागतो. नुसतं खासगी पुरत नाही. मुलींसाठी वेगळा छोटा ग्रुप, त्यात मोठ्या वयाची बधिर ताई असावी, ऐकणारी बाई नव्हे. आणि व्हिडिओ बाहेर पाठवला तर काय होईल ते प्रवेशाच्या वेळीच मुलांना खुणांत समजावून सांगायचं, लिखित नियमावलीवर सही घेऊन नव्हे.

पालकांना दोष देणं मला मुळीच मान्य नाही. तुमच्या मुलीच्या वर्गात हे झालं तेव्हा त्या व्यवस्थेने त्या मुलीच्या वडिलांशी जाऊन बोलायला हवं होतं.

---

डोंगरवाट

सुरगाण्याकडे आश्रमशाळेवर शिक्षक आहे. वरची चर्चा चांगली, पण व्हिडिओ-व्हिडिओ म्हणताय तर आमच्याकडची रेंज बघा. पाड्यावर मुलाला टेकडीवर जावं लागतं. पावसाळ्यात लाइट जाते, टॉवर बंद. लिखित मेसेज कसाबसा येतो, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. आमच्या ओळखीचा एक कर्णबधिर मुलगा आहे, त्याचा वर्ग याच कारणाने अर्ध्यावर राहिला.

---

बिटरेट

@डोंगरवाट, थेट वर्ग अशा ठिकाणी जमणारच नाही, खोटी आशा देत नाही. पण रेकॉर्ड केलेला एका मिनिटाचा व्हिडिओ ४८० रिझोल्यूशनवर ठेवला तर फार मोठा होत नाही, आणि खुणा त्यात नीट दिसतात. मुलगा रेंजमध्ये आला की सगळे एकदम उतरवून घेऊ शकतो, घरी जाऊन बघू शकतो. उत्तर तिथेच रेकॉर्ड करून ठेवायचं, पुढच्या वेळी रेंज मिळाली की आपोआप जातं. म्हणून ‘मेसेज बघितल्यावर तासात उत्तर’ असले नियम ठेवू नका. आठवड्याचा अवधी द्या.

---

डोंगरवाट

हे जमण्यासारखं आहे. बाजाराच्या दिवशी तो बोरगावला येतो, तिथे रेंज असते. त्याला नंबर नको, टेलिग्रामचं नाव देतो. ताई, त्याला मधूनच घ्याल का? टॅली येत नाही, पण दुकानाचा हिशेब वहीत ठेवतो.

---

नावे_जमा

@डोंगरवाट दादा, घेते. वहीची दोन पानं फोटो काढून पाठवायला सांगा, आणि ती पानं काय आहेत ते त्याने खुणांत सांगावं. सुरुवात तिथूनच करू.

काजवा, तुझं शिक्षकांशिवायच्या ग्रुपचं म्हणणं मुलांपुढे ठेवलं. त्यांनी लगेच होकार दिला, त्यामुळे मी त्यात नसेन. पण त्यात तू असशील का? त्यांना नोकरी करणारी, त्यांच्यासारखीच कोणीतरी हवी आहे. एक काम लगेच आहे: ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’, ‘रिव्हर्स चार्ज’ (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं) यांच्यासाठी मालेगावची मुलं एक खूण करतात, नाशिकची दुसरी. मी ठरवणं योग्य नाही. तुम्ही मुलांनी ठरवा आणि ठरलेली खूण फेसबुकच्या ग्रुपमध्ये लावा.

---

काजवा

असेन. रविवारी सुट्टी असते, संध्याकाळी व्हिडिओ बघून उत्तर देईन. रिव्हर्स चार्जची खूण आमच्या ऑफिसमध्ये दोघी बधिर मैत्रिणींनी केली आहे, ती पाठवते. मालेगावची पण बघायची आहे. जी बघून अर्थ लगेच कळेल ती ठेवू.

---

निळी_शाई

आणि खाली दोन ओळी मराठीत.

---

काजवा

हो बाई. लिहू.